ध्यानचंदांचा धाकटा भाऊ

पुण्या-मुंबईचे पाहुणे ग्वाल्हेरला आले की त्यांची यादी ठरलेली असते. किल्ला, जयविलास महाल, तानसेनची कबर, फुलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी. पाहुण्यांत तरुण मंडळी असतील तर पाचवे ठिकाणही हमखास येते. "सचिनने दोनशे काढले ते मैदान कुठंय?" मग आपण त्यांना स्टेडियमकडे घेऊन जातो. 24 फेब्रुवारी 2010, समोर दक्षिण आफ्रिका, 147 चेंडूंत नाबाद 200. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक. तारखेसकट सगळे आपल्याला पाठ असते. फाटकासमोर फोटो निघतात, आणि फोटोत मागे नावही येते, कॅप्टन रूपसिंग स्टेडियम. क्वचित कुणीतरी विचारते, "हे रूपसिंग कोण? शिंद्यांपैकी का?"

नाही. रूपसिंग हॉकी खेळत. भारताकडून दोन ऑलिंपिक खेळले आणि दोन्ही वेळा सुवर्णपदक घेऊन आले. कॅप्टन ही संघातली जागा नाही, सैन्यातला हुद्दा आहे. ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत नोकरी होती म्हणून ते इथे आले, इथेच राहिले आणि 16 डिसेंबर 1977 रोजी इथेच गेले. आणि हो, ते मेजर ध्यानचंदांचे सख्खे धाकटे भाऊ.

हे शेवटचे वाक्य ऐकल्यावर पाहुण्यांचा चेहरा उजळतो. "अच्छा, ध्यानचंदांचे भाऊ!" ओळख पटली, विषय संपला. मला ते "अच्छा" अलीकडे फार बोचते. त्याचे कारण हॉकी नाही, आमचे घर आहे.

आमच्याकडे दोन मुलगे, चौदा आणि अकरा वर्षांचे. दोघेही शाळेत बास्केटबॉल खेळतात. थोरला उंच आहे, चपळ आहे, गेल्या वर्षी त्याचे नाव फलकावर लागले. धाकटाही चांगला खेळतो. पण मैदानावर त्याला स्वतःचे नाव नाही. इतर मुलांसाठी तो "अमक्याचा छोटा भाई" आहे, मोठ्या माणसांसाठीही तेच. कुणाच्या मनात वाईट नसते. कौतुकानेच म्हणतात. पण दिवाळीनंतर एके दिवशी जेवताना त्याने ताटातून मान वर न करता विचारले, "आई, मी टेबल टेनिस घेऊ का?" मी कारण विचारले तर म्हणाला, "तिथे दादा नाहीये."

थोरल्याने लगेच शिकागो बुल्सचे उदाहरण पुढे केले. मायकेल जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन, दोघांनी मिळून सहा विजेतेपदे जिंकली, पिपेनशिवाय जॉर्डनला एकही नाही, वगैरे. धाकट्याने शांतपणे उत्तर दिले, "पण पुतळा कोणाचा आहे?" त्याचा मुद्दा मला कळला. शिकागोच्या मैदानाबाहेर 1994 मध्ये पुतळा उभारला गेला तो जॉर्डनचा. पिपेनचा 33 नंबरचा शर्ट क्लबने सन्मानाने निवृत्त केला, पण लोकांच्या तोंडी पहिले नाव येते ते जॉर्डनचेच.

त्या रात्री मला रूपसिंग आठवले. शिकागोपेक्षा हे घराजवळचे उदाहरण, शिवाय खरोखरच्या भावांचे. म्हणून मग मुलांना सांगण्यासाठी मी ही दोन नावे शेजारी ठेवून बघायला लागले.

आधी आकडे बघू, कारण हल्लीच्या मुलांना आकड्यांशिवाय पटत नाही. 1932 चे लॉस एंजेलिस ऑलिंपिक. जगभर मंदी होती, इतक्या लांबचा प्रवास परवडेना, त्यामुळे हॉकीत फक्त तीन संघ उतरले: भारत, जपान आणि अमेरिका. भारताने जपानला 11-1 असे हरवले आणि अमेरिकेला 24-1 असे. (इतके होऊनही तिसरा संघ म्हणून अमेरिकेला कांस्यपदक मिळालेच!) अमेरिकेविरुद्धच्या 24 गोलांपैकी ध्यानचंदांचे 8 होते आणि रूपसिंगांचे 10. दोन्ही सामने मिळून भारताचे 35 गोल झाले. त्यांतले 12 थोरल्याचे आणि 13 धाकट्याचे. म्हणजे एका घरातल्या दोघांनी 25 गोल केले, आणि त्यात धाकटा एकाने पुढे होता.

हे सांगितल्यावर आमच्या धाकट्याने चमचा खाली ठेवला. "मग नाव ध्यानचंदांचंच का?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर "अन्याय झाला" इतके सोपे नाही. थोरल्याचे पारडे खरोखरच जड आहे. ध्यानचंद 1928 ला अ‍ॅमस्टरडॅमला गेले तेव्हा रूपसिंग संघात नव्हते. तिथे ध्यानचंदांनी 14 गोल केले आणि भारताने स्पर्धाभर एकही गोल खाल्ला नाही. 1936 ला बर्लिनमध्ये ते कर्णधार होते. सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला 4-1 असे हरवले होते, सगळे धास्तावले होते, आणि त्याच जर्मनीला अंतिम सामन्यात भारताने 8-1 असे लोळवले. तारीख होती 15 ऑगस्ट, स्वातंत्र्याच्या बरोबर अकरा वर्षे आधीची. कप्तानी केली तेव्हा ध्यानचंद सैन्यात अधिकारीसुद्धा नव्हते. साध्या शिपायापासून सुरुवात केलेला माणूस परक्या साम्राज्याच्या झेंड्याखाली हिंदुस्थानचा संघ घेऊन उभा राहतो, ही गोष्टच अशी आहे की ती सांगितली जाणारच.

आणि सांगितली गेली की ती वाढतेही. त्यांच्या काठीत लोहचुंबक आहे का ते बघायला काठी तोडली म्हणे. हिटलरने जर्मन सैन्यात मोठा हुद्दा देऊ केला म्हणे. या गोष्टी आपण सगळ्यांनी शाळेत ऐकल्या आहेत. त्यांना भक्कम पुरावा कुणी दाखवलेला नाही, तरी त्या सांगितल्या जातात. मला वाटते, दोन खेळाडूंच्या वारशात खरा फरक इथे पडतो. गोल दोघांच्या नावावर लागतात, दंतकथा एकाच्याच नावावर लागते. नावाचेच बघा ना. मूळ नाव ध्यानसिंग. दिवसा ड्यूटी आणि रात्री चांदण्यात सराव, म्हणून सोबत्यांनी "चंद" जोडले, असे सांगतात. रूपसिंग शेवटपर्यंत रूपसिंगच राहिले.

त्यात दैवही आडवे आले. 1936 नंतर महायुद्ध सुरू झाले. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिक झालीच नाहीत. थोरल्या भावाची तोवर तीन सुवर्णपदके घेऊन झाली होती. धाकट्याची भरातली वर्षे मात्र त्या न झालेल्या स्पर्धांमध्ये गेली. पुढे ध्यानचंदांनी आत्मचरित्र लिहिले, ते 1952 मध्ये आले. 1956 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ज्याने लिहून ठेवले त्याची बाजू उरते, ज्याने नाही लिहिले तो दुसऱ्याच्या पुस्तकातले पात्र होतो. रूपसिंगांबद्दलचे कितीतरी किस्से आपल्याकडे थोरल्या भावाच्या आठवणींतूनच येतात. त्यातला एक आमच्या मुलांना फार आवडला. 1932 च्या दौऱ्यासाठी निवड झाली तेव्हा रूपसिंग जायलाच तयार नव्हते, कारण विलायती प्रवासात घालायला बरे कपडेच नव्हते. थोरल्याने कपडे शिवून घेतले आणि मग स्वारी बोटीवर चढली, असे सांगतात. तेराच्या तेरा गोल त्या कपड्यांवर उधार होते म्हणायचे!

आता खेळाकडे बघा. त्या काळी आघाडीला पाच खेळाडू असत. मधोमध सेंटर फॉरवर्ड, ती ध्यानचंदांची जागा. त्याच्या डाव्या खांद्याला इनसाइड लेफ्ट, ती रूपसिंगांची. हॉकीची काठी एकाच बाजूने सपाट असते आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी काठी नसते. त्यामुळे डावीकडून उजवीकडे, म्हणजे गोलच्या किंवा मधल्या खेळाडूच्या दिशेने, चेंडू द्यायचा तर धावता धावता सगळे अंग वळवावे लागते. डावी बाजू ही अशी अवघड बाजू. तिथून जोरकस फटके मारणे आणि तिथूनच मधल्याला आयता चेंडू पुरवणे, ही दोन्ही कामे रूपसिंगांची होती. आणि मधल्याला चोहोबाजूंनी घेरले की तोही मोकळ्या असलेल्या डाव्या भावाकडेच चेंडू सोडणार. मग यातला कुठला गोल कुणाचा म्हणायचा? धावफलकाला एकच नाव लिहावे लागते, ती फलकाची अडचण आहे. हॉकीतली जुनी माणसे सांगतात की खुद्द ध्यानचंद धाकट्याला आपल्यापेक्षा सरस मानत. भावाचे प्रेम त्यात किती आणि खेळाची पारख किती हे ज्याने त्याने ठरवावे. पण पारखी मात्र पहिल्या प्रतीचा होता.

आपल्या मराठी घरांना ही जोडी खरे तर अनोळखी वाटू नये. बाजीरावांचे नाव घेताना चिमाजी अप्पांचे नाव मागून येते, तेही वसईची आठवण निघाली तरच. 1739 चा तो वेढा धाकट्याने लढवला आणि जिंकला. सिनेमा मात्र थोरल्यावर निघाला. लता की आशा हा वाद आपल्या किती बैठकींत रात्री उशिरापर्यंत रंगला आहे! त्या वादात मी एक गोष्ट नेहमी पाहिली आहे. जो तावातावाने एका बहिणीची बाजू घेतो, तो पुरावा म्हणून गाणे म्हणायला लागतो, आणि पाच मिनिटांनी दुसरीचे गाणे गुणगुणत असतो.

आता दोघांच्या वाट्याला पुढे काय आले ते पाहू. ध्यानचंदांचा वाढदिवस, 29 ऑगस्ट, हा राष्ट्रीय क्रीडा दिन. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमला 2002 पासून त्यांचे नाव. देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कार 2021 पासून त्यांच्या नावाने दिला जातो. झाशीत टेकडीवर त्यांचा पुतळा आहे आणि बुंदेलखंडात अजूनही लोक "दद्दा" म्हणतात. पण हेही मुलांना सांगायला हवे की हे वैभव बरेचसे मरणोत्तर आहे. हयातीची अखेर पैशांच्या ओढीत गेली. 3 डिसेंबर 1979 ला दिल्लीच्या एम्स रुग्णालयात, जनरल वॉर्डमध्ये त्यांनी डोळे मिटले. अंत्यसंस्कार झाशीत हीरोज क्लबच्या मैदानावर झाले, जिथे ते खेळले होते तिथेच. मोठे नाव माणसाला म्हातारपणी सांभाळतेच असे नाही.

रूपसिंगांच्या वाट्याला काय आले? 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या भुयारी रेल्वेच्या खास नकाशावर स्थानकांना जगातल्या महान ऑलिंपिक खेळाडूंची नावे दिली होती. त्यात हॉकीतले तीन भारतीय होते: ध्यानचंद, लेस्ली क्लॉडियस आणि आपले रूपसिंग. लंडनने दोघा भावांना एकाच नकाशावर घेतले. आणि ग्वाल्हेरने एक स्टेडियम दिले. ते मुळात हॉकीचे होते. मग क्रिकेट आले, 1988 च्या जानेवारीत तिथे भारत-वेस्ट इंडिज एकदिवसीय सामना झाला, आणि हॉकी हळूहळू फाटकाबाहेर गेली. ज्याच्या नावाचे मैदान, त्याचाच खेळ तिथे नाही. पुढे त्याच मैदानावर सचिनने द्विशतक काढले आणि सचिन भारतरत्न मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. ज्या ध्यानचंदांसाठी लोक वर्षानुवर्षे भारतरत्न मागत होते ते या मैदानाच्या नावाचे थोरले बंधू. मी सचिनची भक्त आहे, त्या दिवशी मी टीव्हीसमोरून हलले नव्हते. तरीही हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

मग रूपसिंगांचा वारसा म्हणजे एवढे एक फलकावरचे नाव?

तसे मला वाटत नाही, आणि असे का ते मी मुलांना दाखवायला नेले. कंपूला जिल्हा खेळ परिसर आहे. तिथे 2006 पासून मध्य प्रदेशची महिला हॉकी अकादमी चालते. पहाटे निळ्या-हिरव्या टर्फवर पाणी मारलेले असते आणि देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून आलेल्या मुली तिथे धावत असतात. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताची कर्णधार असलेली सुशीला चानू मूळची मणिपूरची, पण घडली इथे. भारताकडून खेळलेला शिवेंद्रसिंग आपल्याच गावचा. आणि तिकडे झाशीत, दद्दांच्या गावात, एका मराठी घरातला तुषार खांडेकर 2012 चे लंडन ऑलिंपिक खेळला, त्याचे काका सुबोध खांडेकर हेही ऑलिंपिक खेळाडू. झाशी आणि ग्वाल्हेर यांत अंतर केवढे, जेमतेम शंभर किलोमीटर. राणीसाहेबांनी शेवटच्या दिवसांत कापलेला हाच तो पट्टा. या पट्ट्यात मुलांच्या हाती हॉकीची काठी देणे ही वेडेपणाची गोष्ट वाटत नाही, घरचे लोक "हे कसले खूळ" म्हणत नाहीत, याचे श्रेय दोघा भावांना आहे. त्यातला एक तिकडे राहिला आणि एक इकडे. दोघेही झाशीत राहिले असते तर ग्वाल्हेरला काय मिळाले असते?

वारसा ही वाड्यासारखी वाटून घ्यायची गोष्ट नाही, की थोरल्याला चार खण जास्त गेले म्हणून धाकट्याला तेवढे कमी पडले. आपण मराठी माणसे इकडे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आलो, आपल्या जुन्या घरांत वाटण्यांची भांडणे काही कमी झालेली नाहीत. त्यामुळे तुलना आली की आपल्याला लगेच वाटणीपत्र आठवते. पण ध्यानचंदांचे नाव मोठे झाल्याने रूपसिंगांचे तेरा गोल बारा होत नाहीत. ते कमी होतात ते आपण सांगायचे थांबलो की.

आमच्या धाकट्याचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो टेबल टेनिसला गेला नाही. पण "मला रूपसिंग व्हायचंय" असेही काही म्हणाला नाही, मुले इतकी सरळ वागत नाहीत. त्याने एवढेच विचारले, "इनसाइड लेफ्टसारखी जागा बास्केटबॉलमध्ये कोणती?" यावर दोघे भाऊ तासभर वाद घालत बसले, कागदावर गोल आणि बाण काढत. हल्ली मैदानावर थोरला त्याला नावाने हाक मारतो, "छोटे" म्हणत नाही. ही त्याची कल्पना की वडिलांची सूचना, ते मी विचारलेले नाही. उद्या धाकट्याने खेळ बदलला तरी हरकत नाही. दादापासून पळ काढायला नको, दुसरा खेळ आवडला म्हणून बदलावा, एवढेच माझे म्हणणे.

आता आपल्या मंडळापुढे एक साधा प्रस्ताव ठेवते. 29 ऑगस्टला क्रीडा दिन असतो. रूपसिंगांचा जन्मदिवस 8 सप्टेंबर. मधले दहा दिवस बहुतेक वर्षी गणेशोत्सवाच्या आगेमागेच येतात. आपल्या उत्सवात पाककला होते, रांगोळी होते, अंताक्षरी होते. त्यात मुलामुलींचा एक हॉकीचा सामना ठेवू या. काठ्या आणि चेंडू जमवणे अवघड नाही, शिकवणारे तर गावातच आहेत. आणि मोठे क्रिकेट आता शंकरपूरच्या नव्या स्टेडियमला गेले आहे, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये भारत-बांगलादेश सामना तिथेच झाला. तेव्हा जुन्या मैदानाचा एक तुकडा तरी वर्षातून एक दिवस हॉकीला मिळावा म्हणून अर्ज करायला काय हरकत आहे? अर्जाचा मसुदा मी तयार ठेवला आहे. सह्यांसाठी रविवारी मंडळात या, आणि येताना घरातल्या धाकट्यांना घेऊन या.